माल तयार होता की माल तयार आहे? पुरातल्या एका ईमेलचं प्रकरण

हे प्रकरण 2021 च्या जुलैमधलं आहे, पंचगंगा पात्राबाहेर येऊन सगळं कोल्हापूर अडकलं होतं त्या आठवड्यातलं. राजारामपुरीत माझा इंग्लिशचा क्लास आहे, 22 वर्षं झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टच्या टेबलावर आहे. नावं कुणाचीच देत नाही, गरजही नाही. तिनं त्या आठवड्यात एक ईमेल लिहिला, ग्रामरच्या पुस्तकाप्रमाणं शंभर टक्के बरोबर, एक चूक काढून दाखवा म्हटलं तर निघणार नाही असा, आणि त्या ईमेलमुळं जर्मनीतल्या कस्टमरला वाटलं की त्याचा माल पाण्यात गेला.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, शिरोलीत, म्हणजे नदीच्या पलीकडं, पुण्याच्या बाजूला. कास्टिंग तिथं ओततात, फेटलिंग करून, म्हणजे जादा कडा काढून साफ करून, जॉबवर्कला गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपला पाठवतात, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कागलच्या बाजूला. तिथं मशीनिंग झालं की माल परत शिरोलीला येतो, पॅकिंग होतं आणि कंटेनर न्हावा शेवा बंदराला जातो. दोन्ही एमआयडीसींच्या मधे हायवे आहे आणि त्या हायवेवर पंचगंगेचा पूल आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी आणि 43 फुटाला धोका पातळी हे इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे, पावसाळ्यात मोबाईलवर सकाळी पहिला मेसेज तोच असतो. पण 2019 ला आणि परत 2021 ला पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. माल गोकुळ शिरगावात, पॅकिंग शिरोलीत, मधे नदी.

240 नग होते, पंप हाउसिंगचे, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या आवरणाचे. कस्टमर रोज विचारत होता. पोरीनं दुपारी मशीन शॉपच्या मालकाला फोन लावला. तो काय बोलला ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, "ताई, माल रेडी हाय, मशीनिंग मंगळवारीच झालंय. पण हायवेवर पाणी हाय, गाडी काढू कुठनं? पाणी उतरलं तर उद्या गाडी सोडतो. पहिल्या गाडीत शंभर नग घालतो पाहिजे तर."

तिनं संध्याकाळी 7 च्या सुमारास मेल टाकला. तो असा होता:

"वुई स्पोक टू आवर मशीनिंग व्हेंडर. ही सेड दॅट द मटेरियल वॉज रेडी अँड दॅट मशीनिंग हॅड बीन कम्प्लीटेड ऑन ट्यूसडे. ही सेड दॅट द हायवे वॉज अंडर वॉटर. ही टोल्ड अस दॅट इफ द वॉटर वेंट डाऊन, द ट्रक वुड लीव्ह द नेक्स्ट डे. ही सेड दॅट ही कुड सेंड हंड्रेड पीसेस फर्स्ट. द अथॉरिटीज सेड दॅट द डेंजर लेव्हल वॉज फॉर्टी थ्री फीट."

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी कारण उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं असतं, उत्तर आलं. चार प्रश्न होते, दुसरं काही नाही. वॉज रेडी म्हणजे आता नाही का, डॅमेज झाला का? हायवे पाण्याखाली होता, मग आता उघडला का? शंभर नग पाठवू शकत होता तर का नाही पाठवले? आणि नेक्स्ट डे म्हणजे कोणता वार? खाली एक ओळ, माल खराब झाला असेल तर आजच सांगा, मला दुसऱ्या सप्लायरकडं बघावं लागेल.

तिच्या साहेबांनी तो मेल वाचला आणि तिला म्हणाले, "तुझं बरोबर आहे, सेड नंतर पास्टच येतो, त्या जर्मन माणसाला इंग्लिश येत नाही." साहेब चांगले आहेत, पोरीच्या बाजूनंच बोलले, पण तिला ते पटेना कारण नियम बरोबर असला तरी समोरच्याला कळलं भलतंच हे तिला दिसत होतं. आणि तिनं मला फोन केला. "सर, मी तुम्ही शिकवलं तसंच लिहिलंय."

तेच खरं होतं. नियम तिला मीच शिकवला होता. आठवी-नववीत डायरेक्ट-इनडायरेक्ट करताना मी फळ्यावर बाण काढायचो, इज चा वॉज, हॅज चा हॅड, विल चा वुड, कॅन चा कुड, टुमॉरो चा द नेक्स्ट डे, आणि पोरांकडून घोकून घ्यायचो. सेड दिसला की एक पायरी मागं जायचं. अपवाद एकच सांगायचो, त्रिकालाबाधित सत्य असेल तर बदल नाही, सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी शंभर अंशाला उकळतं. पेपरात मार्क मिळतात तेवढ्यानं. पण पोरगी पेपर लिहीत नव्हती, 240 नगांची खबर देत होती, आणि मी तिला दिलेल्या बाणांमध्ये खबर कशी द्यायची हे कुठंच नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवर तो मेल एकेक वाक्य करून सोडवला. लाईट नव्हती, मोबाईलची बॅटरी जपत जपत बोलत होतो, पण मला ते संभाषण अजून नीट आठवतं कारण इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट मी पहिल्यांदा आतून बघत होतो.

सुरुवात मी तिला मराठीतच विचारून केली. म्हटलं, हीच खबर तू साहेबांना तोंडी कशी दिलीस? ती म्हणाली, "तो म्हणाला की माल तयार आहे, हायवेवर पाणी आहे, पाणी उतरलं तर उद्या गाडी सोडतो." बघा, मराठीत मूळ माणूस ज्या काळात बोलला तोच काळ तसाच राहतो. "म्हणाला" भूतकाळ आहे म्हणून "आहे" चं "होता" होत नाही. "तो म्हणाला की माल तयार होता" असं म्हटलं तर मराठी माणसाला एकच अर्थ लागतो, की तो बोलत होता त्याच्याही आधी कधीतरी माल तयार होता, नंतर काहीतरी झालं. हिंदीतही तसंच. रशियन, जपानी भाषांमध्येही मूळ काळ तसाच ठेवतात. काळ मागं ढकलायची ही सवय इंग्लिशची आहे.

आणि जर्मन? मी जर्मनच्या दोन लेव्हल केल्यात म्हणून एवढं माहीत आहे की दुसऱ्याचं बोलणं सांगताना लिहायच्या जर्मनमध्ये ते काळ बदलत नाहीत, क्रियापदाचं रूपच वेगळं वापरतात, "इस्ट" च्या जागी "झाय". ते रूप दिसलं की वाचणाऱ्याला कळतं की हे दुसऱ्याचं म्हणणं आहे, लिहिणारा स्वतः हमी देत नाही. बोलताना बरेच लोक साधं "इस्ट" च म्हणतात, पण काळ मागं नेत नाहीत. म्हणजे इकडं लिहिणारी मराठी, तिकडं वाचणारा जर्मन, दोघांच्याही भाषेत "वॉज" चा अर्थ "होता", आणि मधे इंग्लिशचा नियम म्हणतो की हा "वॉज" म्हणजे तेव्हाचा "आहे". तिनं नियमाप्रमाणं "आहे" चा "वॉज" केला, त्यानं तो वाचून परत "होता" केला. साहेब म्हणाले तसं त्याला इंग्लिश येत नव्हतं असं नाही, इंग्लिश माणसालाही ते वाक्य दोन्हीकडं लागू शकतं, फक्त त्याला संदर्भावरून अंदाज बांधायची सवय असते. आणि पुराच्या बातमीत संदर्भ काय असणार? माल, पाणी, होता. कुणीही घाबरेल.

मग खरा नियम काय? काळ मागं न्यायचाच अशी इंग्लिशमध्ये सक्ती नाही. म्हणणारा तेव्हा जे म्हणाला ते मी सांगतोय त्या क्षणीही तसंच उभं असेल, तर "सेड" च्या पुढं "इज" चालतो, "ही सेड द हायवे इज क्लोज्ड" हे चोख इंग्लिश आहे. पण त्या "इज" ची किंमत आहे. "इज" लिहिलं की वाक्य दोन ठिकाणी खरं असावं लागतं, तो बोलला तेव्हाही आणि मी लिहितोय तेव्हाही. "वॉज" लिहिलं की मी फक्त एवढंच म्हणतो की तो तसं म्हणाला, आत्ता काय आहे त्यावर मी गप्प. गप्प म्हणजे नाही असं नव्हे, पण गप्प.

हे तिला समजावताना माझ्या तोंडात आपला "म्हणे" आला. आपण काय करतो? "माल तयार आहे" असं म्हटलं तर मी जबाबदार. "माल तयार आहे म्हणे" म्हटलं की जबाबदारी ज्याच्या तोंडची गोष्ट त्याच्यावर. कोल्हापुरात तर दिवसातनं पन्नास वेळा, "आलाय म्हणं", "सुटली म्हणं", "बंद केलाय म्हणं". काळाला हात न लावता शेवटी एक शब्द टाकून आपण स्वतःला बाजूला काढून घेतो. इंग्लिशमध्ये असा शेपटीला लावायचा शब्द नाही, मग ते काम बऱ्याच वेळा काळ करतो. आपल्या "म्हणे" त संशयाची थोडी झाक असते, इंग्लिश "वॉज" मध्ये ती असेलच असं नाही, तेवढा फरक धरायचा. पण मी जबाबदारी घेतोय की नुसता निरोप पोचवतोय, हा प्रश्न दोन्हीकडं एकच आहे. इतकी वर्षं मी पोरांना बाण दाखवले, हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

हे ऐकल्यावर ती जे बोलली त्यानं मी थांबलो. "सर, मग मी इज कसं लिहू? माल मी कुठं बघितलाय? तो म्हणाला तयार आहे. तो दर वेळी तयारच आहे म्हणतो." बरोबर होतं तिचं. तिनं "इज रेडी" लिहिलं आणि उद्या निघालं की 60 नगांचं ड्रिलिंग बाकी आहे, तर तो कस्टमर मशीन शॉपवाल्याला पकडणार नाही, तिच्या कंपनीला पकडणार. म्हणजे "वॉज" मध्ये घाबरवायचा धोका आणि "इज" मध्ये अडकायचा. ग्रामरनं हे सुटणार नव्हतं. मी म्हटलं, मग माल बघ. रस्त्यानं जाता येत नाही तर व्हॉट्सॲपवर फोटो मागव, रॅकवर लावलेला माल, मोजता येईल असा, आजची तारीख दिसेल असा. तिनं सकाळी मागवले. मालकानं सहा फोटो पाठवले, एकात नगांच्या पुढं त्या दिवसाचा पेपर उघडा धरलेला. तो फोटो तिनं मला पाठवला, पोर हुशार आहे. 240 मोजले. आता "आर" लिहायला हरकत नव्हती, आणि "सेड" ची तर गरजच उरली नाही, कारण आता खबर तिची स्वतःची झाली होती.

आता ते "इफ द वॉटर वेंट डाऊन, द ट्रक वुड लीव्ह" वालं वाक्य. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मालक म्हणाला, पाणी उतरलं तर उद्या गाडी सोडतो. सरळ अट आहे, होण्यासारखी. इंग्लिशमध्ये थेट लिहिलं तर "इफ द वॉटर गोज डाऊन, द ट्रक विल लीव्ह". पण मागं ढकललं की "गोज" चा "वेंट", "विल" चा "वुड", आणि तयार होतं ते वाक्य हुबेहूब त्या दुसऱ्या प्रकारच्या कंडिशनलसारखं दिसतं, समजा पाणी उतरलंच तर, पण ते काही उतरत नाही, अशा अर्थाचं. वाक्याच्या सुरुवातीला "ही टोल्ड अस" आहे म्हणून ग्रामरवाला म्हणेल की संदर्भ बघा. घाईत मेल वाचणारा माणूस "टोल्ड अस" वरून उडी मारतो आणि "वेंट-वुड" वर थांबतो. "कुड" चंही तेच. "सेंड करू शकतो" चं "कुड सेंड" झालं आणि त्यानं वाचलं "पाठवू शकला असता". मराठीत "सोडेल" आणि "सोडली असती" यांची कधी गल्लत होत नाही, रूपंच वेगळी आहेत, म्हणून आपल्याला "वुड" आणि "कुड" ची ही दुहेरी नोकरी आतून जाणवत नाही. पाठ करून वापरतो आणि फसतो.

"नेक्स्ट डे" बद्दल फार बोलायला नको. "उद्या" हा शब्द बोलणाऱ्याच्या जागेवरून मोजला जातो आणि "नेक्स्ट डे" कुठून मोजायचा ते मेलमध्ये लिहिलंच नव्हतं, फोन दुपारचा, मेल संध्याकाळचा, वाचला दुसऱ्या दिवशी. वार लिहायचा, तारीख लिहायची, संपलं. शंका असेल तिथं काळाच्या रूपावर भरवसा ठेवण्यापेक्षा घड्याळावर ठेवावा, हे मी आता वर्गात आधी सांगतो.

गंमत अशी की "मशीनिंग हॅड बीन कम्प्लीटेड ऑन ट्यूसडे" या वाक्याबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. कारण गोष्ट मुळातच होऊन गेलेली होती आणि वार दिलेला होता. तिथं "वॉज कम्प्लीटेड" लिहिलं असतं तरी चाललं असतं, वार असला की "हॅड" नसला तरी अडत नाही. आपल्याकडं उलट "हॅड" फार सांडतो, "मी काल आलो होतो" चं "आय हॅड कम यस्टर्डे" होतं कारण "होतो" ला जोडीदार म्हणून "हॅड" आठवतो. पण तो वेगळा विषय आहे.

धोका पातळीचं वाक्य मात्र साधं चुकीच्या पट्टीनं मोजलं गेलं. 43 फूट ही ठरवलेली खूण आहे, पूर ओसरला म्हणून ती बदलत नाही, तिथं "इज" च नैसर्गिक. पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून होते हे कुणीही कधीही सांगितलं तरी "इज फॉर्म्ड" च राहणार, तसंच हे. पण त्या दिवशीची पातळी? ती तासातासाला हलते, तिथं वेळ देऊन "वॉज" लिहायचं, सकाळी 8 ला इतकी होती. राधानगरीच्या दरवाज्यांचं उदाहरण मी हल्ली वर्गात देतो. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात, एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. आता वाक्य बघा, अधिकारी म्हणाले की सहा नंबरचा दरवाजा उघडा आहे. तुम्ही तासाभरानं दुसऱ्याला सांगताय. "सेड इज ओपन" म्हणाल का? मधल्या वेळात तो मिटलेला असू शकतो, कुणी हात न लावता. तिथं "वॉज ओपन ॲट टेन" हेच प्रामाणिक. पण एका दरवाजातून 1428 क्युसेक सुटतं, तिथं बिनधास्त वर्तमानकाळ. एकाच अधिकाऱ्याच्या एकाच वाक्यातले दोन तुकडे, दोघांना दोन काळ. पोरांना हे पटकन कळतं कारण पुरात त्यांनी ते मेसेज स्वतः फॉरवर्ड केलेले असतात आणि जुना मेसेज नवा समजून घरातली माणसं कशी घाबरतात तेही बघितलेलं असतं.

दुसरा मेल तिनं स्वतः लिहिला, मी फक्त ऐकला. 

"स्टेटस ॲज ऑफ फोर पीएम इंडियन टाइम टुडे. ऑल टू हंड्रेड फॉर्टी पीसेस आर मशीन्ड, ड्राय अँड सेफ, फोटोज अटॅच्ड. द हायवे बिटवीन द मशीन शॉप अँड आवर प्लांट इज स्टिल अंडर वॉटर. द डे बिफोर यस्टर्डे द व्हेंडर सेड द ट्रक वुड लीव्ह यस्टर्डे. इट हॅज नॉट लेफ्ट. ही सेज ही विल लोड इट ॲज सून ॲज द पोलीस ओपन द रोड, अँड ही कॅन सेंड हंड्रेड पीसेस इन द फर्स्ट ट्रक."

यात एक गोष्ट मला फार आवडली. "वुड लीव्ह" तिनं काढला नाही, एका ठिकाणी ठेवला, आणि तिथं तो अगदी अचूक बसलाय. परवा म्हणाला काल सुटेल, सुटली नाही, म्हणजे ते भविष्य आता होऊन गेलेलं आणि खोटं ठरलेलं, तिथं "विल" लिहिणं चूकच झालं असतं. पहिल्या मेलमध्ये ज्या शब्दानं घोटाळा केला तोच शब्द आज बरोबर काम करत होता. आणि पुढच्या वाक्याला मी तिला नुसतं "ही विल लोड" सुचवलं होतं, तर तिनं "ही सेज" घातलं. म्हणाली, "सर, गाडी मी भरणार नाही ना, मग माझ्या नावावर कशाला." "सेज" वर्तमानात असल्यामुळं पुढचा काळ ढकलावाही लागत नाही आणि शब्द कुणाचा तेही कळतं. हे मला सुचायला पाहिजे होतं.

उत्तर एका ओळीत आलं, थँक यू, नाऊ इट इज क्लिअर. नंतर कळलं की त्यानं आपल्याकडची असेंब्लीची लाईन दुसऱ्या मॉडेलवर वळवली आणि हे हाउसिंग लागणारं काम पुढं ढकललं, दुसऱ्या सप्लायरचा विषय तिथंच मिटला. मेल सुधारला म्हणून पाणी उतरलं नाही, हायवे उघडायला आणखी वेळ गेला, कंटेनरची ती बोट चुकलीच आणि माल पुढच्या बोटीनं गेला. पण त्या माणसाला खरं काय ते माहीत होतं आणि त्यावर तो आपलं ठरवू शकला.

साहेबांचं काय झालं म्हणाल तर ते आजही "सेड इज" दिसलं की पेनानं गोल करतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या शाळेतही फळ्यावर तेच बाण असणार. पोरीनं वाद घातला नाही, ती शक्य तिथं "सेड" च टाळते, "ॲज पर व्हेंडर" लिहिते, वेळ टाकते, काम चालतं.

वर्गात मी दोन्ही शिकवतो आता. पेपरात विचारलं तर एक पायरी मागं जा, तिथं नियम तपासतायत, मार्क घालवू नका. पण त्याच तासाला दुसरी वही काढायला लावतो आणि घरात फोनवर ऐकलेल्या खऱ्या खबरा लिहायला सांगतो, कोण म्हणालं, कधी म्हणालं, ते आत्ता तसंच आहे का, आणि तुला कसं माहीत. शेवटच्या प्रश्नाला पोरं अडखळतात. अडखळू देतो, घाई करत नाही, कारण काळ निवडायचा तो त्या उत्तरावरून. एकीनं लिहिलं होतं, आजी म्हणाली डोकं दुखतंय, आणि विचारायला लागली की "वॉज" लिहू का "इज", मग स्वतःच म्हणाली, घरी फोन करून विचारते. मी पाठवलं तिला बाहेर फोन करायला. आजी झोपली होती, म्हणून तिनं "वॉज" लिहिलं. बरोबर केलं.

गेल्या आठवड्यात त्याच पोरीचा परत फोन आला. एका कस्टमरनं कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेलं हवेचं भोक, दाखवून तक्रार केलीय, आणि उत्तरात लिहायचंय की आमच्या क्वालिटीवाल्यानं सांगितलं ब्लोहोल लिमिटमध्ये आहे. या वेळी उलटं झालंय, साहेबांना "इज" पाहिजे कारण "वॉज" नं कंपनी ढिली दिसते, आणि तिनं "वॉज" लिहिलंय. मी आधी साहेबांच्या बाजूनं बोललो, नग तोच आहे, भोक तेवढंच आहे, मोजमाप काही पुराचं पाणी नाही. ती म्हणाली, "सर, त्यानं मोजलं ते मशीनिंगच्या आधी. वरचा थर कापल्यावर आतलं भोक मोठं दिसतं." हे मला माहीत नव्हतं. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, क्वालिटीवाला या आठवड्यात सेकंड शिफ्टला आहे, तो आला की परत मोजणार आहे.